जिभेची जागा

"वही राहू द्या, आई. आधी तिला बिस्कीट खाऊ द्या."

तळेगावच्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा आणि उच्चार यांवर उपचार करणाऱ्या मॅडम, असे म्हणाल्या आणि माझी वही त्यांनी न उघडताच टेबलाच्या कडेला सरकवली. त्या वहीत मी चार रकाने आखले होते : शब्द, सानिकाचा उच्चार, अपेक्षित उच्चार आणि शेरा. एकूण एकशे बारा शब्द होते. ती वही तयार करायला मला दिवाळीची सगळी सुट्टी लागली होती.

माझी मुलगी सानिका तेव्हा सात वर्षांची होती आणि दुसरीत शिकत होती. तिने बिस्कीट समोरच्या दातांनी तोडले नाही, बाजूच्या दातांनी तोडले. चावताना तिचे तोंड उघडे होते. घास गिळायला तिने पाणी मागितले, तेही बोटाने दाखवून. गिळताना जीभ वरच्या आणि खालच्या दातांच्या मधून किंचित बाहेर आली आणि हनुवटीवर सुरकुत्या पडल्या. हे सर्व मी सात वर्षे रोज पाहत होते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसले.

मॅडम म्हणाल्या, "हिला ‘स’ म्हणता येत नाही, हे खरं. पण दोष त्या अक्षराचा नाही. ते म्हणायला जीभ जिथे असायला हवी, तिथे ती दिवसभरात कधी नसतेच."

त्यांनी कागदावर नाव लिहून दिले : ओरोफेशियल मायोफंक्शनल डिसऑर्डर. म्हणजे ओठ, जीभ, गाल आणि जबडा यांच्या स्नायूंना चुकीच्या हालचालीची सवय लागणे. त्याखाली आणखी दोन शब्द होते. टंग थ्रस्ट, म्हणजे गिळताना आणि बोलताना जीभ दातांवर पुढे रेटणे. ओपन बाइट, म्हणजे तोंड मिटल्यावरही वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना न टेकणे.

ज्या पालकांवर ही वेळ येईल, त्यांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. ‘न’ म्हणायला सुरुवात करावी आणि आवाज न काढता तिथेच थांबावे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीला लागलेले असेल. बोलत किंवा खात नसताना जीभ तिथे विसावते, ओठ मिटलेले असतात आणि श्वास नाकाने चालतो. सानिकाची जीभ खाली पडलेली असे, ओठ उघडे असत आणि श्वास तोंडाने चाले.

परतताना तळेगाव स्टेशनवर लोणावळ्याच्या लोकलची वाट पाहत आम्ही सव्वा तास बसलो. दुपारी गाड्यांमध्ये मोठे अंतर असते. सानिका माझ्या मांडीवर डोके ठेवून, तोंड उघडे टाकून झोपली. मी वही उघडली आणि पुन्हा मिटली.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला अवघड जाते.

लोहगडवाडीच्या वाटेवरील एका वाडीत आमची दोन शिक्षकी शाळा आहे. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी आणि चौथी सहकारी सरांकडे. आम्ही राहतो मळवलीला. सानिका माझ्याबरोबर येते, माझ्याच वर्गात बसते. शिक्षकांच्या घरांतून एक रीत असते, ती आम्हीही पाळली होती : शाळेच्या फाटकाच्या आत आईला ‘आई’ म्हणायचे नाही, ‘बाई’ म्हणायचे. मुलीला झुकते माप देते असे कोणी म्हणू नये, म्हणून मी तिला इतरांपेक्षा एक पायरी कडकच वागवत असे.

तिचा ‘स’ आणि ‘श’ बोबडा होता. मी तिला प्रकट वाचनासाठी उभी करत असे. शब्द चुकला की म्हणत असे, "परत म्हण." पुन्हा चुकला की, "परत म्हण." मुले हसत. मी मुलांना गप्प करत असे, पण सानिकाला बसवत नसे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी हेच शिकले होते की सरावाने सर्व येते. पाढे येतात, अक्षर सुधारते, उच्चारही सुधारतो.

हळूहळू तिने वाचायला उभे राहणे बंद केले. हजेरीला ती फक्त हात वर करू लागली. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत मी माझ्याच अक्षरात लिहिले : ‘मितभाषी आहे. प्रकट वाचनात सहभाग कमी.’ आणि सही केली.

सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेवर लावून पाहिले. त्या म्हणायच्या, "हिचा बाप बी चार वर्सांचा व्हईस्तवर बोलला न्हाई. आता बग, टोलनाक्यावर कसा बोलतो!" माझे यजमान उर्शाच्या टोलनाक्यावर पाळीने काम करतात. ते म्हणाले, "तिथं बोलत नाही गं मी. तिथं लोक बोलतात, मी ऐकतो." एका नातेवाइकांनी जिभेखालचा पडदा कापून घ्यायला सांगितले. तळेगावच्या मॅडमनी तो तपासला आणि स्पष्ट सांगितले की तो पुरेसा सैल आहे, कापण्याचे काही कारण नाही. जिभेचा पडदा काही मुलांत खरोखर आखूड असतो, पण ते तपासून ठरवायचे असते, ऐकून नव्हे.

उपचारांचा क्रम मॅडमनी ठरवून दिला. आधी नाक, मग जीभ, मग अक्षर.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ऑडिओमेट्री झाली, म्हणजे ऐकण्याची चाचणी. काचेच्या खोलीत सानिका कानांवर हेडफोन लावून बसली होती आणि आवाज ऐकू आला की बटण दाबत होती. कान चांगले निघाले. एक्स-रेमध्ये मात्र ऍडेनॉइड वाढलेले दिसले. ऍडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेली मऊ ऊती. लहान मुलांत ती असतेच. ती फार वाढली की नाकाची वाट अडते, मूल तोंडाने श्वास घेते, झोपेत घोरते, उशी लाळेने ओली होते. सानिकाची उशी मी रोज उन्हात टाकत होते.

डॉक्टरांनी आधी नाकात मारायचा फवारा दिला. दोन महिने तो दिला, फरक थोडा पडला, पुरेसा नाही. मग शस्त्रक्रिया ठरली.

चिंचवडच्या रुग्णालयात सकाळी सात वाजता पोहोचायचे होते, मुलीला उपाशी ठेवून. आमचा क्रमांक साडेअकराला लागला. त्या साडेचार तासांत सानिकाने एकदाही पाणी मागितले नाही. समोरच्या बाकावर एक बाळ रडत होते, भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि यजमान रात्रपाळी करून आलेले असल्यामुळे बसल्या बसल्या पेंगत होते. परिचारिकेने विचारले, "नाव काय बाळा तुझं?" सानिका म्हणाली, "मी बाईंची." परिचारिका हसली. मलाही त्या उत्तराचे कौतुक वाटले. ती नेहमी असेच उत्तर देई.

शस्त्रक्रिया लवकर आटोपली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मी रस्ता मोकळा केलाय. त्यावरून चालायचं तिला शिकवावं लागेल." त्याचा अर्थ मला घरी आल्यावर समजला. नाक मोकळे झाले होते, घोरणे थांबले होते आणि तोंड तसेच उघडे होते.

मग दर शनिवारी तळेगाव. सकाळची शाळा सुटली की जीपने मळवली, तिथून लोकल, मग बाहेरच्या बाकावर आपल्या क्रमांकाची वाट पाहणे. मी शिट्टी आणि फुगे विकत घेऊन गेले होते, कारण फुंकल्याने उच्चार सुधारतात असे कुणीतरी सांगितले होते. मॅडम म्हणाल्या, "फुगे वाढदिवसाला ठेवा. फुंकल्यानं ‘स’ येत नाही. ‘स’ हा ‘स’ म्हणूनच येतो. हे व्यायाम जिभेला तिची जागा कळावी आणि गिळणं सुधारावं म्हणून आहेत. अक्षर आपण त्यानंतर वेगळं शिकवू."

व्यायाम साधे होते. आइस्क्रीमची चपटी काडी दात न लावता फक्त ओठांत धरून ठेवायची. जीभ टाळूला चिकटवून घोड्याच्या टापांसारखी वाजवायची. पाण्याचा घोट घेऊन, दात मिटून, जीभ जागेवर ठेवून गिळायचा. प्रत्येक घास दोन्ही बाजूंनी चावायचा. दिवसातून तीनदा, थोडा थोडा वेळ.

मी त्याचे वेळापत्रक केले. तक्ता भिंतीला लावला, घड्याळ समोर ठेवले, बरोबरला हिरवी खूण आणि चुकीला लाल. शाळेत मुलांना शिकवायचे, घरी येऊन हिला शिकवायचे, शनिवारी बाकावर बसायचे. मी थकले होते आणि थकलेली शिक्षिका अधिक कडक होते. "जीभ खाली गेली. परत कर."

तिसऱ्या आठवड्यात सानिकाने ओठ घट्ट मिटून घेतले आणि काडी तोंडात घेईना. मॅडमच्या खोलीतही ती बोलली नाही. मॅडमनी तिला बाहेर खेळायला पाठवले आणि मला विचारले, "घरी व्यायाम कोण घेतं?"

"मीच."

"आई घेते की बाई घेते?"

मी बाहेर खेळणाऱ्या सानिकाकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी इथे तुम्हाला आईच म्हणणार. महिनाभर तुम्ही तिची एकही चूक दुरुस्त करायची नाही. व्यायाम दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. ती बोलायची थांबली, तर मी स्नायू कितीही सुधारले तरी उपयोग नाही."

त्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटल्यावर जीप आली नाही. दुसरी मिळेल म्हणून आम्ही चालत लोहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. तिथे मंदाची टपरी आहे. मंदा माझ्या पहिल्या वर्षीच्या वर्गातली. आता तिला दोन मुले आहेत आणि गड चढणाऱ्या लोकांना ती भजी, ताक विकते.

"या बाई! काय देऊ?" मग तिने सानिकाला विचारले, "तुला ग, बाय?"

सानिकाने लिंबांच्या बरणीकडे बोट दाखवले.

मंदाने बरणीतून लिंबू काढले. "ही बी बोटानं मागती का? मी बी अगदी हिच्यावानी व्हते, बाई. आठवतं का?"

मला आठवत नव्हते.

"तुमी मला वर्गात उभी करायच्या. म्हणायच्या, परत म्हण. मी म्हणायची. तुमी म्हणायच्या, परत म्हण. पोरं लय खिदळायची." ती हे हसत हसत, लिंबू पिळता पिळता बोलत होती. "मग मला अक्कल आली. ज्या बोलण्यात ते अक्षर न्हाई, तेवढंच बोलायचं. आता हितं बी बगा की, बोर्डावर काय लिवलंय."

टपरीवरच्या पिवळ्या पाटीवर लिहिले होते : लिंबूपाणी, ताक, कांदाभजी. गडाच्या वाटेवरच्या इतर सगळ्या टपऱ्यांवर लिंबू सरबत लिहिलेले असते.

मी म्हणाले, "मंदा, माझं चुकलं गं."

"अवो बाई, भजी गार व्हत्यात," ती म्हणाली आणि तिने बशी माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सानिकाचे बोलणे ऐकले. दुरुस्त करण्यासाठी नव्हे, नुसते ऐकले. साखर हवी असली की ती ‘गोड’ म्हणे. सायकलला ‘गाडी’. आमची शाळा तिच्यासाठी ‘तिकडे’ होती : "उद्या तिकडे जायचं ना?" आणि नाव विचारले की "मी बाईंची." ज्याचे मला कौतुक वाटले होते ते उत्तर तिने स्वतःचे नाव टाळण्यासाठी शोधले होते. मितभाषी ती नव्हती. बोलण्याआधी प्रत्येक वाक्य तपासून घेत होती. सात वर्षांच्या मुलीला त्याचे किती श्रम होत असतील, याचा हिशेब माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

भिंतीवरचा तक्ता मी काढला. व्यायाम सासूबाईंकडे दिले.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांच्या तोंडात दात नाहीत. त्यांनी मॅडमनी दिलेल्या कागदावरचे व्यायामाचे एकही चित्र पाहिले नाही. सानिकालाच म्हणाल्या, "तू मला शिकीव. जीभ कुटं लावायची म्हनती ती डाक्तरीण?" मग दोघी ओसरीवर समोरासमोर काड्या ओठांत धरून बसत. जिची काडी आधी पडेल तिने दुसरीचे पाय दाबायचे. सासूबाई मुद्दाम हरतात असे मला वाटले होते. त्या खरोखर हरत होत्या.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "माज्या तोंडात दातच न्हाईत, माज्या जिभंला लय मोकळं रान. तुजी कुटं अडती बगू."

आणि मग सानिका ओरडली, "आजी, तू फसवतेस! जीभ खाली आहे तुझी! मला दिसली!"

"व्हय गं, फसवते. मग काय करशील?"

सानिकाच्या बोलण्यातला ‘स’ बोबडाच होता, तिन्ही ठिकाणी. पण ती ते शब्द टाळून गेली नव्हती. माझी तव्यावरची पोळी करपली.

यापुढचे लिहिण्यासारखे फार नाही, कारण यापुढे फक्त दिवस गेले. असे उपचार घेणाऱ्या प्रत्येकाने हे गृहीत धरावे. अडीच महिन्यांनी जेवताना तिचे ओठ मिटू लागले. त्यानंतर मॅडमनी अक्षर हातात घेतले. दात मिटून, जीभ आत ठेवून, हवा मधोमध सोडायची, सायकलच्या चाकातून निसटते तशी. आधी नुसता आवाज, मग ‘सा, सी, सू’, मग शब्द, मग वाक्य. एका पायरीवर कधी तीन आठवडे गेले. सर्दी झाली की दोन पायऱ्या खाली उतरावे लागे. ऑक्टोबरच्या उन्हात लोकलच्या डब्यातली बाके तापलेली असत आणि सानिका विचारी, "अजून किती शनिवार?" ‘शनिवार’ हा शब्द ती तोपर्यंत म्हणू लागली होती. मला त्याचे उत्तर माहीत नव्हते आणि मॅडमनाही नव्हते. त्या फक्त म्हणत, "मागच्या शनिवारपेक्षा एक कमी."

पुढचे दात अजून पूर्ण टेकत नाहीत. त्यासाठी दंतवैद्यांना दाखवले आहे. पक्के दात नीट येईपर्यंत थांबू या, असे ते म्हणतात. दमली की सानिकाची जीभ अजून पुढे येते. हे पूर्ण बरे होईल की थोडे राहील, हे मी आज सांगू शकत नाही.

एवढे मात्र सांगू शकते. मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घास फार वेळ तोंडात घोळवत असेल, पुढच्या दातांनी तोडणे टाळत असेल, बोलताना त्याची जीभ दातांबाहेर दिसत असेल, तर त्याला ‘परत म्हण’ म्हणण्याआधी तपासून घ्यावे. आणि मूल अचानक कमी बोलू लागले, तर ते काय बोलते यापेक्षा काय बोलायचे टाळते, याकडे कान द्यावा. हे मी शिक्षकांनाही सांगते आहे. माझ्या वर्गात आता प्रकट वाचन बसून होते आणि वर्णनात्मक नोंदींत ‘मितभाषी’ हा शब्द मी लिहीत नाही.

सानिका आता तिसरीत, सरांच्या वर्गात आहे. फाटकाच्या आतही मला ‘आई’ म्हणते. इतर मुले दोन दिवस हसली, मग विसरली.

मागच्या शनिवारी आम्हाला तळेगावला जायचे नव्हते. मॅडमनी आता महिन्यातून एकदाच बोलावले आहे. शाळा सुटल्यावर आम्ही मंदाच्या टपरीवर गेलो. गिऱ्हाईक कोणी नव्हते. मंदाने नेहमीप्रमाणे विचारले, "काय देऊ ग, बाय?"

सानिकाने आधी ओठ मिटले. जीभ जागेवर नेताना तिची हनुवटी जराशी हलते, ते मला आता ओळखता येते. मग ती म्हणाली, "मावशी, सरबत द्या."

मंदाचा हात बरणीवर थांबला.

"काय म्हनली ग?" ती म्हणाली. "परत म्हण की."

मी दचकले. तेच दोन शब्द होते. पण मंदा डोळे मोठे करून हसत होती आणि सानिकाही हसत होती. तिने पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने, "सरबत!" या वेळी जीभ किंचित बाहेर आली. मी पिशवीतून पैसे काढले.

"देते, देते," मंदा म्हणाली. ती पाठ वळवून माठातून पाणी काढू लागली. ग्लास भरत असताना, आमच्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात तिने तोच शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला.

मला तो ऐकू आला.